माउंटन बाइकला हलकी चाकं: कुठून सुरुवात करायची

माउंटन बाइक घेऊन वर्ष होत आलं की घाट चढताना एक प्रश्न हमखास पडतो: ही सायकल हलकी कशी करायची? फ्रेम बदलणं परवडत नाही, गिअर बरे चाललेले असतात, मग नजर चाकांवर जाते. ती बरोबर जागी जाते. पण नवी चाकं घ्यायला दुकानात गेलं किंवा ऑनलाइन शोधायला बसलं की बूस्ट, मायक्रो स्प्लाइन, सेंटर लॉक, हुकलेस असे शब्द अंगावर येतात आणि माणूस सगळं सोडून फक्त वजनाचा आकडा बघायला लागतो. तिथेच पैसे वाया जातात.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या दगडात जे टिकेल आणि आपल्या शहरात ज्याची दुरुस्ती होईल, अशा चाकांमधलं परवडेल तितकं हलकं चाक घ्यावं. या दोन अटी आधी, ग्रॅम नंतर. लेखात उदाहरणासाठी सगळीकडे एकच सायकल धरली आहे: २९ इंची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली १३ किलोची हार्डटेल, चालवणारा ७५ किलोचा, आणि वाटा पुण्याच्या टेकड्यांच्या, पानशेत-ताम्हिणीकडच्या कच्च्या रस्त्यांच्या. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोब तोच राहील.

पहिली पायरी: आहे ते चाक तोला

सामान तोलायचा हुकवाला काटा चालतो. पुढचं चाक काढा, टायर-ट्यूब-डिस्कसकट तोला, मग टायर आणि ट्यूब काढून वेगवेगळं तोला. मागच्या चाकाचंही तसंच, कॅसेट (गिअरची दातेरी चक्रं) वेगळी. आकडे कागदावर लिहा. सुरुवातीच्या किमतीच्या २९ इंची हार्डटेलवर साधारण असं चित्र दिसतं: नुसती दोन चाकं (रिम, स्पोक आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग) २३०० ते २६०० ग्रॅम, तारेच्या काठाचे टायर प्रत्येकी ८०० ग्रॅमच्या आसपास, ट्यूब प्रत्येकी २०० ग्रॅमच्या वर.

आता हे वजन कुठे आहे ते महत्त्वाचं. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवा आणि मग डोक्याजवळ धरून फिरवा. वजन तेच, मनगटाला पडणारा ताण वेगळा. चाकाचंही तसंच. टायर, ट्यूब आणि रिम हे वजन सगळ्यात बाहेर फिरतं. त्याला वेग द्यायचा तर ते पुढे न्यायचं आणि गोलही फिरवायचं, त्यामुळे वेग घेताना काठावरचा १ ग्रॅम फ्रेमवरच्या जवळजवळ २ ग्रॅमइतकी ताकद मागतो. हबमधलं वजन मध्यभागी असतं, त्याला हा दुपटीचा नियम लागू होत नाही.

पण हे फक्त वेग वाढवताना. एका लयीत चढताना काठावरचा ग्रॅम आणि पाठीवरच्या पिशवीतला ग्रॅम सारखाच. सायकल आणि माणूस मिळून ८८ किलो. चाकांतून ५०० ग्रॅम कमी केले तर एकूण वजन ०.६ टक्क्यांहूनही थोडं कमीच घटलं. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगड चढायला तुम्हाला तासभर लागत असेल, तर या ५०० ग्रॅमनी वाचतील सुमारे २० सेकंद. हा आकडा वाचून कुणी निराश होईल, पण पैसे देण्याआधी तो माहीत असलेला बरा.

मग हलक्या चाकांचं खरं सुख कुठे मिळतं? अरुंद पायवाटेवर. वळणाआधी ब्रेक, वळणानंतर पुन्हा जोर, दगडावर पुढचं चाक उचलणं, ओढा ओलांडून लगेच चढ. वेताळ टेकडीवरच्या एका फेरीत असा वेग किती वेळा तुटतो आणि जुळतो ते मोजायला गेलात तर कंटाळाल. तिथे हलकं चाक पायांना लगेच जाणवतं, सायकल वळायला चपळ होते. तुमचं बहुतेक चालवणं डांबरी घाटात असेल तर मात्र हा खर्च पुढे ढकलायला हरकत नाही.

दुसरी पायरी: चाकांआधी टायर आणि ट्यूब

नवीन चाकं घेण्याआधी हे करून बघाच, कारण सगळ्यात बाहेरचं वजन इथेच आहे आणि खर्च सगळ्यात कमी.

तारेच्या काठाचा टायर काढून घडी होणारा, ट्यूबलेस लिहिलेला २९ × २.२५ चा टायर घातला तर प्रत्येकी १०० ग्रॅम किंवा जास्त वाचतात. ट्यूब काढून त्या जागी टेप, व्हॉल्व्ह आणि ८० ते १०० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) आलं की चाकामागे आणखी ८०-९० ग्रॅम जातात. म्हणजे रिम-हबला हात न लावता दोन्ही चाकांत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास फरक, तोही काठावरचा.

महाराष्ट्रात ट्यूबलेसचं दुसरं कारण वजनापेक्षाही मोठं आहे: बाभळीचे काटे. दिवाळीनंतर गवत वाळलं की पायवाटांवर वेड्या बाभळीचे, बोरीचे काटे पसरलेले असतात आणि ट्यूब घातलेली सायकल एका फेरीत दोन-तीनदा बसू शकते. सीलंट असेल तर काटा उपसल्यावर फस्स होतं, चाक एक-दोन वेळा फिरतं आणि भोक बुजतं. शिवाय हवा कमी ठेवता येते. ७५ किलोच्या माणसाला ट्यूब असताना २८-३० पीएसआय लागत असेल तर ट्यूबलेसमध्ये २२-२४ ला चालवता येतं, आणि सुट्या मुरमावर टायर धरून ठेवतो.

अट एकच: रिम ट्यूबलेससाठी बनवलेली हवी. रिमच्या आत टायरचा काठ ज्यावर बसतो ती कड आणि तिला अडवणारा बारीक उंचवटा ट्यूबलेस रिममध्ये असतो. साध्या रिमवर टेप गुंडाळून जुगाड करता येतो, लोक करतातही, पण वळणावर काठ सुटून हवा एकदम जाऊ शकते. हे मी कुणाला सुचवणार नाही. तुमची रिम ट्यूबलेसची नसेल तर नवीन चाकं घेण्याचं ते पहिलं योग्य कारण आहे.

टायर निवडताना सगळ्यात हलका उचलू नका. स्पर्धेसाठीचे ६०० ग्रॅमच्या आतले टायर पातळ भिंतीचे असतात. सह्याद्रीचा काळा पाषाण फुटतो तो धारदार, आणि कापलेली भिंत सीलंटनं बुजत नाही. मागच्या चाकाला तरी भिंतीवर जादा थर असलेला टायर घ्या. त्यात ८०-१०० ग्रॅम वाढतील, वाढू द्या.

तिसरी पायरी: मापं जुळवा

इथे घाई केली तर आलेलं चाक तसंच परत पाठवावं लागतं. प्रत्येक गोष्ट स्वतः सायकलीजवळ बसून तपासा, विक्रेत्याच्या "बसेल बसेल" वर जाऊ नका.

चाकाचा आकार टायरच्या बाजूवर छापलेला असतो. २९ इंचीला ६२२, २७.५ ला ५८४, जुन्या २६ ला ५५९ हा आकडा असतो. २६ इंची सायकलसाठी आता चांगली हलकी चाकं फार कमी बनतात.

पुढचा एक्सल बघा. सळई काढल्यावर चाक धरणारे काटे खालून उघडे असतील तर ते क्विक रिलीज, रुंदी १०० मिमी. जाड नळीसारखा एक्सल आरपार जात असेल तर तो १५ मिमीचा. हबची रुंदी १०० किंवा ११० मिमी. ११० म्हणजे बूस्ट. मागे क्विक रिलीज असेल तर बहुधा १३५ मिमी, काही नव्या सायकलींत १४१. आरपार एक्सल असेल तर तो १२ मिमी जाड आणि रुंदी १४२ किंवा १४८. यातलं १४८ बूस्ट. दोन्ही काट्यांच्या आतल्या बाजू स्टीलच्या पट्टीनं मोजा. काही हबच्या टोकाच्या टोप्या बदलून १३५ चं १४२ करता येतं, म्हणून आज क्विक रिलीज असेल आणि पुढे फ्रेम बदलायचा विचार असेल तर असा हब बघावा. १४२ चं १४८ मात्र सरळपणे होत नाही.

मग गिअर. मागच्या चाकावर कॅसेट ज्या खाचांच्या नळीवर चढते तिचे प्रकार आहेत आणि हे एकमेकांत चालत नाहीत. ८ ते ११ गिअरच्या बहुतेक शिमानो कॅसेट एचजी नळीवर बसतात. शिमानोच्या १२ गिअरच्या डिओरी आणि त्यावरच्या मालिकांना मायक्रो स्प्लाइन लागते. स्राम या दुसऱ्या गिअर-कंपनीच्या ज्या कॅसेटमध्ये सगळ्यात लहान चक्र १० दात्यांचं असतं त्यांना एक्सडी लागते. पण स्रामच्याच १२ गिअरच्या एसएक्स आणि एनएक्स ११ दात्यांपासून सुरू होतात आणि एचजीवर बसतात. "१२ गिअर आहेत" एवढं सांगून चाक मागवलं तर चूक होणार. कॅसेटवरचं मॉडेल वाचून सांगा.

सायकल ७ गिअरची असेल तर शक्यता अशी की मागे कॅसेट नसून आट्यांवर फिरवून बसवायचा फ्री असेल. असा फ्री चांगल्या हबवर बसत नाही. कॅसेट, बहुतेक वेळा शिफ्टर आणि डिरेलरही बदलावा लागतो, आणि चाकांची किंमत सायकलीच्या किमतीला ओलांडते. अशा सायकलीला हलके टायर घाला, छान चालवा आणि चाकांचे पैसे पुढच्या सायकलीसाठी ठेवा.

राहिली डिस्क. सहा स्क्रूंनी बसवलेली की मध्ये एकाच खाचेदार रिंगनं आवळलेली सेंटर लॉक? सेंटर लॉक हबवर अ‍ॅडॅप्टर लावून सहा स्क्रूंची डिस्क बसते, उलटं होत नाही. डिस्कचा व्यास आहे तोच ठेवा.

चौथी पायरी: रिम

आता वजन बघायला सुरुवात करायची, आणि आधी रिमचं. विक्रेते पूर्ण चाकाचं वजन सांगतात. रिमचं वेगळं विचारा. दोन जोड्या सारख्याच १८०० ग्रॅमच्या असतील, पण एकीत हब हलका आणि रिम जड, दुसरीत उलटं, तर दुसरी घ्या. कारण पहिल्या पायरीतच सांगितलंय.

२९ इंचीची ॲल्युमिनियम रिम क्रॉस कंट्रीसाठी ४०० ते ४५० ग्रॅमची असते, जास्त धडधडाटासाठी ५०० ते ५५० ची. कंपन्या चाकावर एएसटीएम या मानक संस्थेनुसार वापराचा वर्गही देतात: एएसटीएम ३ म्हणजे कच्चे रस्ते, पायवाटा आणि साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, ४ म्हणजे खडबडीत उतार आणि १२० सेंटिमीटरपर्यंत. डीटी स्विस या चाकांच्या कंपनीची एक्सआर मालिका पहिल्या प्रकारातली, एक्सएम दुसऱ्या. आपल्या उदाहरणातल्या माणसाला वर्ग ३ पुरतो. पायऱ्यांवरून उतरायची, दगडांवरून उडी टाकायची हौस असेल तर ४ घ्या आणि २०० ग्रॅम जास्त असण्याचं वाईट वाटून घेऊ नका. वजनमर्यादाही वाचा, ती बहुधा सायकल, माणूस आणि सामान मिळून असते. ९० किलोचा माणूस भरल्या पिशवीनिशी ११० किलोची मर्यादा सहज गाठतो.

रिमची आतली रुंदी २.२५ च्या टायरला २५ मिमी चांगली, २.४ ला ३०. रिम रुंद झाली की टायरही मिलिमीटर-दोन मिलिमीटर फुगतो. फ्रेमच्या मागच्या काट्यांत दोन्ही बाजूंना ६ मिमी तरी मोकळी जागा राहू द्या, नाहीतर जुलैमधला चिखल तिथेच अडकून चाक थांबवतो.

कार्बनचं काय? कार्बन चाकांची जोडी १३०० ते १५०० ग्रॅमपर्यंत खाली येते, ताठ असते, वळणात तिचा प्रतिसाद फार सुंदर असतो. किंमत चांगल्या ॲल्युमिनियमच्या दोन-तीनपट. नवशिक्याला मी ती सुचवत नाही, आणि कारण फक्त पैसे नाहीत. नवीन माणूस दगडावर चाक आपटतो, आपटणारच, दगडांतून नेमकी वाट निवडायला शिकायला वेळ लागतो. ॲल्युमिनियम वाकतं, दिसतं, पकडीनं बऱ्यापैकी सरळ करून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला तर कधी तो रंगाखाली लपतो आणि रिम बदलण्याशिवाय उपाय उरत नाही. दोन हंगाम चालवून हात बसला, वाटा ओळखीच्या झाल्या, की मग जरूर विचार करा. तेव्हा हुकलेस रिम (टायर अडकवायला आत वळलेली कड नसलेली) असेल तर तिच्यावर लिहिलेली कमाल हवा आणि चालणाऱ्या टायरांची यादी काटेकोर पाळायची.

पाचवी पायरी: स्पोक, निपल, हब

स्पोक डबल बटेड घ्या: टोकांना २ मिमी, मध्ये १.८ मिमी. दोन चाकांत मिळून साध्या २ मिमी तारांपेक्षा ६०-७० ग्रॅम वाचतात आणि टिकतातही जास्त, कारण मधला बारीक भाग धक्का ताणून घेतो आणि वाकणाशी ताण कमी पडतो. वजन कमी करूनही मजबुती वाढते अशी ही दुर्मीळ जागा आहे. मधला भाग १.५ मिमीचा असलेल्या आणखी बारीक तारा हलक्या माणसालाच ठीक.

८५ किलोच्या वर असाल तर ३२ स्पोक, नाहीतर २८ पुरतात. २४ च्या नादी लागू नका. स्पोक सरळ ओढीचे (हबकडच्या टोकाला वाकण नसलेले) की वाकलेल्या डोक्याचे, हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. वाकलेल्या डोक्याचा २ मिमी स्पोक मापात कापून आटे पाडून मोठ्या शहरांत मिळू शकतो. सरळ ओढीचा किंवा कंपनीच्या खास मापाचा स्पोक तुटला तर तो येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून राहते. कुठलीही जोडी घेतली तरी त्याच दिवशी प्रत्येक लांबीचे दोन-दोन जादा स्पोक मागवा; डिस्कच्या चाकात डावी-उजवी लांबी वेगळी असते, हे लक्षात ठेवून.

निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) पितळेचे. ॲल्युमिनियमच्या निपलनं दोन चाकांत ४०-४५ ग्रॅम वाचतात, पण आपला पावसाळा, कोकणातली खारी हवा आणि रिममध्ये झिरपलेलं सीलंट यांनी ते गंजून अडकतात. मग आऊट काढायला, म्हणजे डोलणारं चाक सरळ करायला गेलं की फिरण्याऐवजी तुटतात. ते ४५ ग्रॅम तिथेच राहू द्या.

हबमध्ये बंद कार्ट्रिज बेअरिंग असावेत, आणि त्यांचे नंबर बाजारात सहज मिळणारे असावेत. छर्रे-कोनचे हबही चांगले असतात, शिमानो तेच बनवत आली आहे, फक्त पावसाळ्यानंतर उघडून नवं वंगण भरायची शिस्त हवी. पेडल मारल्यावर हब किती लवकर पकडतो याचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. ३६ दात्यांचा रॅचेट १० अंशांत पकडतो, नवीन माणसाला तेवढं भरपूर आहे.

सहावी पायरी: विकत घेताना

मापं जुळणारी, १७०० ते १९०० ग्रॅममधली, २८ किंवा ३२ स्पोकची ॲल्युमिनियम जोडी हे तुमचं लक्ष्य. तयार जोडी मिळत नसेल, विशेषतः क्विक रिलीज फ्रेमसाठी, तर हब आणि रिम वेगवेगळे घेऊन चाक बांधून घेणं उत्तम. चांगला कारागीर ताण मोजायच्या यंत्रानं ताण बघतो. ते यंत्र त्याच्याकडे आहे का, एवढं विचारलंत तरी पुरे.

परदेशातून नातेवाईक येताना चाकं आणायला सांगण्याची पद्धत आपल्याकडे आहे. किंमत कमी पडते खरी, पण वॉरंटी तिथल्या दुकानाची असते, आणि एक रिम वाकली तर ती परत कोण नेणार? वापरलेली जोडी घेत असाल तर स्पोकच्या भोकांभोवती रिमला केसासारखे तडे आहेत का ते उजेडात बघा, चाक हातात धरून एक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगचा खर्च धरा. तडे दिसले तर नमस्कार करून घरी या.

सातवी पायरी: बसवणं आणि पहिले काही आठवडे

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३-४ मिमी रुंद. आधी स्पिरिटनं रिम पुसा, टेप ताणून बसवा. टायर पहिल्यांदा बसवताना साध्या पंपानं काठ चढत नसेल तर व्हॉल्व्हची पिन काढून एकदम हवा सोडा. रिमवर लिहिलेल्या मर्यादेपुढे जाऊ नका. कॅसेट आणि सेंटर लॉकची रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे बऱ्यापैकी जोर लावून. नव्या हबवर डिस्क केसभर आत-बाहेर येतेच, त्यामुळे ब्रेकचा कॅलिपर सैल करून पुन्हा मध्ये आणा आणि गिअरही एकदा तपासा.

पहिल्या दोन-तीन खडबडीत फेऱ्यांनंतर स्पोक जोडीजोडीनं चिमटीत दाबून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा ढिला लागला किंवा चाक डोलायला लागलं तर लगेच आऊट काढून घ्या. नव्या चाकाचे स्पोक बसतात तेव्हा हे होणं नेहमीचं आहे. त्यानंतर वर्षातून दोनदा पुरे. सीलंट मार्च ते मे या महिन्यांत लवकर सुकतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून सळई घालून बघा आणि लागेल तितकं वाढवा.

जुनी चाकं विकू नका, त्यांचे फारसे पैसे येत नाहीत. त्यांच्यावर गुळगुळीत टायर आणि त्याच व्यासाची डिस्क चढवून ऑफिसला जायला किंवा पावसाळ्यात वापरायला ठेवा. त्या जोडीवर कॅसेटही वेगळी बसवली तर चाकं बदलायला पाच मिनिटं लागतात. फक्त दोन्ही कॅसेट सारख्याच झिजलेल्या राहतील असं बघा, नाहीतर जुन्या चेननं नवी कॅसेट कुरकुरायला लागेल.